सिस्टरच्या उकळलेल्या बांगड्या

इंगळे सिस्टर गेल्याची बातमी घेऊन भास्करराव कंपाउंडर आमच्या दारात आले, तेव्हा मी अंगणात मुगाच्या वड्या टाकत होते. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, टोपी काढली, पुन्हा डोक्यावर ठेवली. "सिस्टर गेल्या, बाई. पहाटं." मी पिठाच्या हातानं तशीच उभी राहिले. मग ते जरा पुढे आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बांगड्या हातातच हायेत. काढून राह्यले होते लोक. मी काढू देल्या नाईत." ... तोवर मी धीरानं उभी होते. हे ऐकलं आणि रडू फुटलं.

त्याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात चिखलीत शोकसभा झाली. एका वक्त्यानं सिस्टरना सोशिक म्हटलं, दुसऱ्यानं मृदुभाषी म्हटलं, आणि तिसऱ्यानं, ज्यानं त्यांना उभ्या आयुष्यात पाहिलं नसावं, आज्ञाधारक म्हटलं. मी उठून बाहेर आले. सिस्टर आज्ञाधारक असत्या तर मी आज वर्गावर उभी नसते. घराच्या मागच्या खोलीत बसवून ठेवलेली एक वेडी बाई असते. बाहेर ओट्यावर दोघीतिघी कुजबुजत होत्या. विषय एकच. पस्तीस वर्षं विधवा राहिलेल्या बाईच्या हातात शेवटच्या दिवसांत हिरव्या बांगड्या कोणी भरल्या? कोणाला हे सुचलं? त्यांना मी तिथेच उत्तर दिलं आणि आता इथे लिहूनही देते. बांगड्या मी भरल्या. का भरल्या ते सांगायला मला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

वत्सला इंगळे मूळच्या अमडापूरच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. सोळाव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. सासरच्यांनी बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं आणि चुलीपाशी एक कोपरा दिला. त्या कोपऱ्यात त्या दीड वर्षं बसल्या आणि एक दिवस एका लुगड्यानिशी नर्सिंग शिकायला नागपूरला निघून गेल्या. परत आल्या त्या आमच्या भागातल्या एका धर्मादाय दवाखान्यात. त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. तो केव्हाच बंद पडला, तिथे आता सरकीचं गोदाम आहे. ऑपरेशनं करणारे डॉक्टर एकच, त्यांना सगळे साहेब म्हणत. पुण्याकडचे, हुशार, सफाईदार हाताचे. त्यांनी माझा जीव वाचवला हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला कृतघ्न म्हणणार नाही. म्हटलं तरी माझी हरकत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी चिखलीच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते, मुलगी चार वर्षांची होती, आणि माझ्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनला पर्याय नव्हता. भूल देणारा वेगळा डॉक्टर आमच्याकडे कुठला असायला? साहेबच हाताच्या शिरेत झोपेचं इंजेक्शन देत, त्यामागून अंगाचे सगळे स्नायू ढिले करणारं दुसरं इंजेक्शन देत आणि घशात नळी घालत. मग भास्कर कंपाउंडर डोक्याशी बसून रबरी फुगा दाबत राही, कारण त्या दुसऱ्या इंजेक्शनानं माणसाला श्वाससुद्धा आपला आपण घेता येत नाही. झोपेचं इंजेक्शन काही मिनिटांचं. पुढची झोप टिकायची ती बाटलीतल्या ईथरवर. हे सगळं ज्ञान मला नंतर मिळालं. त्या दिवशी मी दहापासून उलटे आकडे म्हणत झोपले, एवढंच.

आणि जागी झाले. सगळं संपलं असेल असं वाटलं, डोळे उघडावेत म्हणून जोर केला, पापणी हलेना. हात हलेना. ओरडावं तर घसा माझा नव्हताच. आणि पोटात... ते मी लिहिणार नाही. लिहिता येत नाही म्हणून नव्हे. चारचौघांत सांगितलं की लोक एक तर माना खाली घालतात नाहीतर हसतात, आणि मला दोन्ही नको. ऐकू मात्र सगळं येत होतं. साहेब त्यांच्या नव्या रेडिओबद्दल बोलत होते, त्यावर सिलोन कसं स्वच्छ लागतं ते सांगत होते. भास्कर म्हणाला, "साहेब, बाईच्या डोयातून पानी येऊन राह्यलं." साहेब म्हणाले, "ईथरनं येतं." कोणीतरी कापडानं माझे डोळे पुसले. मग साहेब म्हणाले, "झालं, शिवून घेतो," आणि मी मनात देवाचे पाय धरले. तेवढ्यात सिस्टरांचा आवाज आला.

"थांबा साहेब. गॉजच्या घड्या अठरा गेल्या. बाहेर सतराच आल्या."

"मोजण्यात चूक असेल."

"तीनदा मोजल्या."

"सिस्टर, तुम्हाला अठरापर्यंत मोजता येत नाही का?"

"येते. म्हनून सांगून राह्यली. शिवू नका."

साहेब भडकले, पण त्यांना पुन्हा पोटात हात घालावाच लागला. अठरावी घडी आतड्यांच्या मागे निघाली. ती आत राहिली असती तर महिनाभरात मी मेले असते. पण ती सापडेपर्यंतचा वेळ... त्या बाईनं माझा जीव वाचवला आणि तो वाचवण्यासाठी माझं पोट आणखी तेवढा वेळ उघडं ठेवलं, आणि त्यातला क्षण न् क्षण मला माहीत आहे. पुढे आम्ही दोघी जन्मभराच्या मैत्रिणी झालो त्याचं मूळ इथे आहे.

तिसऱ्या दिवशी बोलण्याइतकी ताकद आल्यावर मी साहेबांना सांगितलं की मी जागी होते. ते हसले. भुलेत स्वप्नं पडतात, म्हणाले. मी रेडिओचं सांगितलं. रेडिओ माझ्याकडे आहे हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, म्हणाले. मी हट्ट सोडला नाही तेव्हा त्यांनी आमच्या ह्यांना बाहेर बोलावून सांगितलं की बाईंच्या मनावर परिणाम झालाय, काही महिने शाळेत पाठवू नका, आणि तशी चिठ्ठीही लिहून दिली. चिठ्ठी माझ्याआधी चिखलीला पोचली म्हणायची. हेडमास्तरांनी माझ्या वर्गावर दुसरी बाई नेमली. आमचे हे मुळात भले, पण डॉक्टरांच्या शब्दापुढे बोलायची त्यांना सवय नव्हती. सासूबाई लिंबू घेऊन आल्या आणि माझ्यावरून उतरवून टाकताना म्हणाल्या, "बाहेरचं हाये काही. मास्तरीन झाली तरी भेव लागतेच बाईमाणसाले." मला दुखत होतं त्याहून या गोष्टीनं जास्त जाळलं. मी खरं बोलत होते, आणि दर वेळी ते बोलले की माझं वेड एक पायरी वर चढत होतं.

संध्याकाळी इंगळे सिस्टर जखमेच्या पट्ट्या बदलायला आल्या. खोलीत कोणी नव्हतं. त्यांनी दार लोटलं, स्टूल ओढलं आणि विचारलं, "काय आयकलं तुम्ही?"

मी म्हटलं, "अठरा अन् सतरा."

त्यांच्या हातातली पट्टी खाली पडली. मी पुढे रेडिओ सांगितला, डोळ्यांचं पाणी सांगितलं, "अठरापर्यंत मोजता येत नाही का" हे साहेबांच्या आवाजात म्हणून दाखवलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हनजे मी शिवू देलं नाही, तवा तुम्ही..." मी म्हटलं, "तुम्ही शिवू दिलं असतं तर मी मेले असते." त्या म्हणाल्या, "ते खरं हाये. पन हेबी खरं हाये." आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून त्या रडल्या. नर्स रुग्णाजवळ रडत नाही असा त्यांचा नियम होता, तो त्यांनी त्या दिवशी मोडला आणि पुन्हा कधी मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी फेरीच्या वेळी, आमचे हे उभे असताना, सिस्टर साहेबांसमोर म्हणाल्या, "बाई खरं बोलून राह्यल्या. मी पाह्यलं, ईथरची बाटली कोरडी होती. मी रिकामी बाटली धुतली, तवा मले उमगलं नाही. आता उमगलं." साहेबांनी विचारलं, "सिस्टर, तुम्ही नोकरी कोणाची करता?" सिस्टर म्हणाल्या, "आजाऱ्याची." एवढं बोलून त्या थांबल्या नाहीत. रविवारी एस.टी.नं चिखलीला गेल्या, हेडमास्तरांच्या घरी जाऊन ओट्यावर बसल्या आणि सांगितलं की ही बाई शहाणी आहे, तुमच्याहून जास्त शहाणी आहे, आणि लेखी पाहिजे असेल तर मी लिहून देते. दिलं लिहून. खाली सही केली. ती नोकरी घालवू शकणारी सही होती. मला माझा वर्ग परत मिळाला. तो कागद हेडमास्तरांनी फायलीत लावला आणि वरची डॉक्टरांची चिठ्ठी काढून टाकली नाही. दोन्ही कागद बरीच वर्षं एकाच दोरीत ओवलेले होते. मी दर वर्षी जाऊन पाहायची.

मी बरी झाले, पण सिस्टर स्वस्थ बसेनात. सुट्टीच्या दिवशी त्या आमच्याकडे येत आणि चहाचा कप हातात धरून माझी उलटतपासणी घेत. सांगा बाई, तुम्ही काय केलं असतं म्हणजे मले समजलं असतं? मी तुमचा हात धरून उभी असती तर तुम्ही दाबला असता? मी म्हटलं, सिस्टर, तेच तर. बोट हलत नव्हतं. मन सगळं जागं आणि अंग सगळं मेलेलं. त्यांनी तरीही एक गोष्ट केली. दुसरी एक नर्स नवी आली होती, तिला चिमटे द्यायला लावून त्या स्वतः रुग्णाच्या डोक्याशी उभ्या राहायला लागल्या. ईथरच्या बाटलीवर डोळा, हातात रुग्णाचा हात, आणि कानाशी वाकून दर थोड्या वेळानं, "आयकू येते का?" साहेब म्हणत, सिस्टर प्रेताशी गप्पा मारतात. त्या म्हणत, प्रेत असतं तर तुम्ही शिवलं कशाले असतं?

हात मात्र कधीच हलला नाही. हलणार कसा? ते इंजेक्शन सगळ्या अंगात जात होतं. यावरची तोड शेवटी कोणा हुशार माणसाला सुचली नाही; ती एका विसरण्यातून निघाली.

देऊळघाटच्या गोदाबाई म्हणून होत्या, भाजीमळा करणाऱ्या. धिप्पाड बाई, पित्ताशयात खडे. ऑपरेशनच्या आधी हातातल्या बांगड्या काढायला तयार होईनात. मालक जिवंत असताना हात मोकळा करणार नाही, हवं तर मरते, म्हणाल्या. साहेब चिडले. सिस्टरांनी तडजोड काढली: उजवा हात इंजेक्शनासाठी मोकळा करायचा, डाव्यात चार बांगड्या राहू द्यायच्या. डाव्या दंडालाच त्यांनी रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला, हवा भरली, आणि पारा पाहणार तोच साहेबांनी काहीतरी मागितलं. सिस्टर तिकडे धावल्या. पट्टा तसाच फुगलेला राहिला. उजव्या हातात दोन्ही इंजेक्शनं गेली, नळी बसली, ऑपरेशन सुरू झालं. आणि थोड्या वेळानं त्या शांत खोलीत बांगड्या वाजल्या.

सिस्टरनी वाकून पाहिलं. गोदाबाईंची बोटं हलत होती. "गोदाबाई, आयकू येत असंल तर दोनदा मूठ आवया." मूठ आवळली. सुटली. पुन्हा आवळली. "साहेब, थांबा. बाई जागी हाये." साहेब म्हणाले अशक्य, इंजेक्शन दिलंय, हात हलूच शकत नाही. तेव्हा भास्करनं पट्टा दाखवला. दंड आवळलेला होता, म्हणून रक्त खाली गेलं नव्हतं, म्हणून औषधही गेलं नव्हतं. सगळं अंग ढिलं पडलं होतं, तेवढा एक हात गोदाबाईंचा राहिला होता. पाटाचं दार बंद केलं की खालच्या वाफ्यात पाणी जात नाही, हे त्या खोलीत शेतकऱ्याच्या लेकीला सगळ्यात आधी समजलं. ईथर वाढवलं, बोटं हळूहळू थांबली, आणि मग पट्टा सोडला.

गंमत पुढेच आहे. शुद्धीवर आल्यावर सिस्टरनी गोदाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मले तं काहीच आठवत नाई बाप्पा. मस्त झोपली होती." साहेबांना हर्ष झाला. पाहा, म्हणाले, आठवत नाही म्हणजे जागी नव्हती. हात नुसता आपोआप हलला. त्या दुपारी सिस्टर माझ्याकडे आल्या त्या धुमसतच. "आपोआप? मी दोनदा म्हनलं तर दोनदाच मूठ आवयली, तीनदा नाही. आठवत नाही म्हनून दुखलं नाही काय? इसरलं म्हनून झालंच नाही काय, बाई? लहान लेकराले तरी कुठं आठवते? मंग त्याले काऊन दुखू देत नाही आपन?" मी शिकलेली बाई, पण या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. साहेबांनाही सापडलं नाही. फरक एवढाच की त्यांनी ते शोधलं नाही.

तेव्हापासून इंगळे सिस्टरची पद्धत पडली. दुसरं इंजेक्शन जायच्या आधी एका दंडाचा पट्टा फुगवायचा, इंजेक्शन पुन्हा द्यायचं झालं तर पुन्हा फुगवायचा, आणि पाव तासाच्या वर तो ठेवायचा नाही, नाहीतर हात काळानिळा पडतो. हे सगळं त्यांनी आपल्या अंदाजानं बसवलं. आणि मनगटात तीन हिरव्या काचेच्या बांगड्या. नजर चुकेल, कान चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं. साहेब ओरडले, ऑपरेशनच्या खोलीत बांगड्या? जंतू येतात! दुसऱ्या दिवशी सिस्टरनी बांगड्या चिमट्या-कात्र्यांबरोबर उकळत्या पाण्यात टाकल्या. वीस मिनिटं उकळून, चिमट्यानं उचलून, पत्र्याच्या झाकणाच्या डबीत ठेवलेल्या बांगड्या. कितीदा त्या तडकल्या. दर वेळी सिस्टर चिखलीच्या कासाराकडून नव्या आणत. कासार विचारात पडे, ही पांढऱ्या कपाळाची बाई वरचेवर हिरव्या बांगड्या नेते कोणासाठी?

आणि मग जे व्हायचं ते झालं. एका विधवा बाईला ऑपरेशनला घेतलं तेव्हा तिच्या दिरानं दाराच्या फटीतून पाहिलं आणि दवाखाना डोक्यावर घेतला. रांडमुंड बाईच्या हातात हिरव्या बांगड्या! सिस्टर हातमोजे काढतच बाहेर आल्या. त्यांची स्वतःची मनगटं एकोणिसाव्या वर्षापासून मोकळी होती, सगळ्या व्हरांड्याला ती दिसत होती. त्या म्हणाल्या, "इथं बाहेर तुमची सवाशीन अन् तुमची रांड. आत दोनच जाती हायेत, जागं अन् झोपलेलं. तुमची भावजय कोन्या जातीत हाये ते पाहू द्या मले." आणि दार लावून घेतलं.

तक्रार विश्वस्तांकडे गेली. त्यांच्यातले अमडापूरचे एक मोठे बागायतदार पाटील जाब विचारायला आले. त्यांचा राग वेगळाच होता: पुरुषांच्या हातातही सिस्टर बांगड्या अडकवतात म्हणे, हा मर्दांचा अपमान आहे. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "पाटील, ज्याले लाज वाटते त्यानं सांगावं. त्याले बांगड्या घालत नाही मी. मंग तो जागा असला तरी मर्दावानी गप्प पडून राहीन." पाटलांनी लेखी ताकीद दिली. सिस्टरनी ती घडी करून बांगड्यांच्या डबीखाली ठेवली, डबी हलू नये म्हणून. त्यानंतर चार महिन्यांनी पाटलांचंच हर्नियाचं ऑपरेशन निघालं. टेबलावर आडवे झाल्यावर त्यांनी खोलीतल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि हात पुढे करून म्हणाले, "घाला बे त्या बांगड्या. पन कोनाले सांगजा नका." सिस्टरनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. पाटलांनीच चिखलीच्या बाजारात सांगितलं, मिशीवर ताव देऊन.

साहेबांनी मात्र शेवटपर्यंत मान्य केलं नाही. दोन वर्षांनी ते मोठ्या शहरात गेले. जाताना भास्करला म्हणाले म्हणे की त्या बाईनं मला थिएटरात नीट बोलूही दिलं नाही, सारखं वाटायचं टेबलावरचं कोणी ऐकतंय. भास्करनं हे सांगितलं तेव्हा सिस्टर पहिल्यांदा खळखळून हसल्या. "एवढं उमगलं तरी पुष्कळ झालं," म्हणाल्या.

दवाखाना बंद पडला आणि सिस्टर चिखलीत दोन खोल्यांत राहायला आल्या. दर गुरुवारी मी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जायची. त्या चहा करत, मी शाळेतल्या भानगडी सांगत असे. कोनाड्यात ती पत्र्याची डबी असे. मी एकदा थट्टेत म्हटलं, सिस्टर, इतक्या लोकांच्या हातात घातल्या, एकदा तुमच्या घालून पाहा की. त्या रागावल्या नाहीत. मनगटाकडे पाहत म्हणाल्या, "मी काही टेबलावर पडली नाही अजून."

मग दीड महिन्यापूर्वी त्या पडल्या. अर्धांगाचा झटका, उजवी बाजू गेली, वाचा गेली, डोळे मिटलेले. डॉक्टर येऊन पाहून गेले, म्हणाले त्यांना आता काही कळत नाही, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. मी पोचले तेव्हा त्यांचा पुतण्या आणि त्याची बायको पलंगापाशीच बसून बोलत होते. तेराव्याला किती पानं धरायची, आचारी देऊळघाटचा बोलवायचा की इथलाच, गोड बुंदीचं करायचं की शिऱ्याचं... त्या बाईच्या उशाशी! मी म्हटलं, बाहेर जाऊन बोला. पुतण्या म्हणाला, "काकू, त्याइले काही समजत नाही आता. डॉक्टरनं सांगतलं ना." मला एकदम ऑपरेशननंतरचं माझं अंथरूण आठवलं, लिंबू आठवलं, चिठ्ठी आठवली. माझा आवाज चढला. मी म्हटलं, "मलेबी एक डॉक्टर असंच म्हनला होता. उठा!"

ते उठले नाहीत. मी कोनाड्यातली डबी काढली. आत तीन बांगड्या होत्या आणि खाली पाटलांची ताकीद, पिवळी पडलेली. दोन बांगड्या मी सिस्टरच्या डाव्या हातात चढवल्या. हात इतका वाळला होता की साबण लागला नाही. पुतण्याची बायको "अवो, काय करून राह्यल्या!" म्हणत उभी राहिली. मी सिस्टरच्या कानाशी वाकले आणि त्यांचेच शब्द त्यांना परत केले. "सिस्टर, मी हाये. अठरा अन् सतरावाली. आयकू येत असंल तर दोनदा मूठ आवया."

काही झालं नाही. मी थांबले. आयुष्यात मी इतकी स्वस्थ कधी बसले नसेन. मग बांगड्या वाजल्या. थोडा वेळ गेला आणि पुन्हा वाजल्या. तीनदा नाही. दोनदाच.

मी त्यांच्या कानात काय बोलले ते आमच्या दोघींतलं आहे. पुतण्याची बायको मात्र त्या दिवसापासून सगळ्यांना सांगते की पंख्याच्या वाऱ्यानं हलल्या असतील बांगड्या. सांगू दे. लाइट सकाळपासून गेलेली होती आणि तीच मघापासून सिस्टरना पुठ्ठ्यानं वारा घालत होती, आणि बांगड्या वाजल्या तेव्हा ती पुठ्ठा खाली टाकून उभी होती. मला जागी असूनही एकदा वेडी ठरवलं गेलं आहे. तेव्हा माझ्या बाजूनं सही करायला एक बाई उभी राहिली. आज तिच्या बाजूनं मी करते. हे लिहिणं हीच माझी सही.

दोन बांगड्या सिस्टरबरोबर गेल्या, भास्कररावांनी शेवटपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. तिसरी डबीत आहे आणि डबी माझ्या कोनाड्यात. परवा मी मुलीला जवळ बसवून ती दाखवली. म्हटलं, माझी वेळ येईल तेव्हा डॉक्टर काही म्हणोत, ही माझ्या हातात घाल, कानाशी वाक आणि विचार. ती रडायला लागली. मी म्हटलं, रडायचं नंतर. आधी पंखा बंद कर, म्हणजे मागाहून कोणाला काही बोलायला जागा नको.